गोजाबाईची माळ

पोशेऱ्याची गोजाबाई काविळीच्या माळा करायची. एका रानवेलीच्या काड्या दोऱ्यात गुंफून ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. काड्या सुकल्या की गाठी सैल होत, आणि माळ गळ्यात, मग कमरेपर्यंत येई. माळ उतरली की कावीळ उतरली, असे लोक मानत. जव्हारला माझ्या दारी ती रानभाजी आणायची, तेव्हापासूनची ओळख. नात सपना लहानपणापासून तिच्याशेजारी काड्या कापायला बसे.

गेल्या दिवाळीत गोजाबाईचेच डोळे पिवळे झाले. आपली माळ आपण घालायची नसते, म्हणून सुनेने, सकूने घातली. माळ कमरेला आली, डोळे तसेच. अंगाला खाज सुटली. मग मुलगा गोरख आणि मी तिला नाशिकला नेले.

पित्तनळीचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी अडलेले पित्त वाहावे म्हणून दुर्बिणीतून आत नळी बसवली आणि तपासायला एक तुकडा काढला. डोळे निवळले. गावात म्हणाले, माळेनेच उतरली.

गोजाबाईला काळजी वेगळीच होती. "बाई, लोकांची कावीळ मी हातानं उतरवली, ती माझ्यात साचली. सपनाचे हात बी त्याच काड्यांत." तिने सपनाला काड्यांना शिवू देणे बंद केले. रोज सकाळी ती पोरीची खालची पापणी ओढून बघे.

"आजी, डोळा फोडशील."

"फुटू दे. पिवळा तरी नाय होनार."

रिपोर्टच्या दिवशी नाशिकला तिने डॉक्टरीणबाईंना सपनाचेच विचारले. त्या म्हणाल्या, "आजी, प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. काही चालू, काही बंद. तुमच्या पित्तनळीत वाढ करणारी चालूच राहिली, थांबवणारी गप्प पडली. का, ते नक्की सांगता येत नाही. पण काड्या कापून असे होत नाही. रक्तही तपासले, वंशातून आलेला दोष सापडला नाही."

"म्हंजे नळ सोडलाय नि बंद करनारा निजलाय."

"तसेच म्हणा."

"त्याला उठवायचा औषध?"

"आहेत काही औषधे. पण ती ज्या बिघाडावर चालतात, तो तुमच्या तुकड्यात नाही."

गोरख खिडकीबाहेर बघत राहिला. मी रिपोर्टची घडी घालून तो पिशवीत ठेवला. मला काहीच वाटत नव्हते. एसटी मिळेल का, एवढेच मनात होते.

"पोरीचा सांगितलात ना? बास," गोजाबाई म्हणाली.

परतताना पुढची जव्हारची गाडी चुकली, म्हणून मी पोशेऱ्यालाच राहिले. सकाळी वावर गावचा एक माणूस अंगणात येऊन बसला होता, डोळे हळदीसारखे. सपना सवयीने आजीसमोर बसली आणि तोंड वर केले. गोजाबाईने पापणी ओढली नाही. वेलीची जुडी तिच्या पुढ्यात सरकवली.

"काप."

सपना माझ्याकडे बघू लागली.

"तिकडं काय बघतेस? काप. नि याला माळ घातलीस तरी दवाखान्यात धाड. आजच."

सपनाने विळा घेतला. मी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला. गोजाबाई भिंतीला टेकून त्या हातांकडे बघत होती.

होळीआधी ती गेली.