पुराचे रोडगे

जानराव कोतवालाचा आवाज बसला होता, आणि गुडघ्यांनी तर त्याआधीच हात टेकले होते. मेळघाटात धो धो पाऊस झाला की तहसीलमधून निरोप यायचा, आणि डफडं गळ्यात अडकवून तो पूर्णाकाठच्या घरांच्या ओळीत ओरडत फिरायचा, "पाणी येऊन राहिलं, शाळेत चला." मागल्या पावसाळ्यात लोक दर वेळी शाळेत जाऊन बसले आणि नदी आपली पात्रातच राहिली. मग लोकांनी ऐकणंच सोडलं. "तुमच्या पुराले म्हणा, येशीन तवा चहा घेऊन जाय," असं पारावरून कोणीतरी म्हणायचं. जानरावला आता रागही येत नसे, नुसता कंटाळा येई.

सरपंच सत्यभामाबाईंनी उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत भलतंच ठरवलं. निरोप आला की घराघरातून पीठ गोळा करायचं आणि शाळेच्या पडवीत रोडग्यांची पंगत मांडायची. पाणी येवो न येवो, पंगत होणारच. तालुक्याचे साहेब म्हणाले, "हे नियमात बसत नाही." बाई म्हणाल्या, "मंग बसवा." वऱ्हाडातला माणूस पुराला भीक घालणार नाही, पण गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा सोडणार नाही, हे त्या ओळखून होत्या. कुरकुरत का होईना, साहेबांनी ते बसवलं.

यंदा दोन पंगती कोरड्याच गेल्या. तिसऱ्या निरोपालाही झाडून सगळी ओळ शाळेत आली. पत्रावळी मांडता मांडता सत्यभामाबाईंनी विचारलं, "जानराव, मनकर्णा कुठी हाय?"

त्यानं पंगतीवरून नजर फिरवली; बायको कुठंच नव्हती. त्याचं घर ओळीच्या टोकाला, अगदी नदीला लागून. अलीकडच्या दारापर्यंत डफडं वाजवून तो दर वेळी तिथूनच मागे वळायचा. घरच्या माणसाला कसली दवंडी, असं त्याला वाटे. मनकर्णा कधी आलीच नाही, आणि पाणीही न आल्यानं ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुखरे गुडघे ओढत तो धावला. पायरीला पाणी लागलं होतं. मनकर्णा आत तांदूळ निवडत बसली होती.

"उठ. पूर येऊन राहिला."

"एवढी वर्सं गावाले बोलावलं तुमी," ती न उठताच म्हणाली. "मले आज बोलावलं."

त्यानं तिचा हात धरला. ती उठली.

संध्याकाळी पडवीतून दोघांनी आपली भिंत पाण्यात बसताना पाहिली. जानरावला रडू आवरेना. मनकर्णानं रोडगा मोडून अर्धा त्याच्या पत्रावळीवर ठेवला.

"नवं घर वरच्या अंगाले बांधा," ती म्हणाली. "आन् दवंडीची सुरुवात त्याच दारापासून करा."