सुरीआधीचे दिवस

विमानतळासाठी पलीकडचा डोंगर फोडत होते, त्या हिवाळ्यात करंजाड्याच्या आमच्या गॅलरीत उन्हालाही दगडी धुळीचा वास यायचा, आणि त्या कोवळ्या उन्हात उपचारांसाठी माझ्याकडे आलेली आई उजवे पाऊल पसरून निवांत बसायची. उरणच्या खाडीत अनवाणी उतरून कालवे काढण्यात तिचा जन्म गेला होता. टाचेवर काळा ठिपका दिसला तेव्हा, कालवाची शिंप लागली असेल म्हणून बिब्ब्याचा चटका देऊन ती मोकळी झाली. बिब्ब्याचा डाग काळाच राहतो. त्यामुळे तो पसरत गेला तरी कुणाला शंका आली नाही. मेलेनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, हे निदान होईपर्यंत तिथे गाठ झाली होती.

कापून टाका, एवढेच मला सुचत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत्ता कापले तर अर्धे पाऊल जाईल. शस्त्रक्रियेआधी औषध देऊन पाहण्याची चाचणी चालू आहे. गाठ आटली तर टाचेपुरते कापून भागेल, नाही आटली तर मधला काळ रोगाच्या पथ्यावर पडेल.

"पाऊल नाय तं खाडी नाय," आई म्हणाली. "थांबू आमी."

मग सलाईनमधून औषध, आणि दोन खेपांच्या मधली ती दीर्घ, तगमगती प्रतीक्षा. वैरी घरात पोसतो आहोत असे वाटून मला त्या गाठीचा, औषधाचा, आईच्या शांतपणाचाही राग यायचा. ती मात्र सुक्या कोळंबीचे सोडे भाजायची, सांज कलली की पश्चिमेच्या वाऱ्याकडे तोंड करायची आणि इथून न दिसणाऱ्या खाडीत उधाणाची मोठी भरती आहे की भांगाची लहान, ते मला सांगायची. लग्नानंतर इतकी सलग ती मला कधी लाभलीच नव्हती. आज त्याच दिवसांसाठी जीव तुटतो.

गाठ आटली. टाचेपुरतेच कापले, मांडीची त्वचा तिथे बसवली, पाऊल वाचले.

जखम पुरती भरल्यावर एका ओहोटीला मी तिला खाडीवर नेले. माझ्या खांद्याचा आधार घेत ती चिखलात उतरली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटले, तृप्त झाली.

"या टाचेखाली चिखल थंड हाय का गं?" तिने हळूच विचारले.

हो म्हणाले, आणि तो किती थंड आहे ते तिला सांगत राहिले.