ओलं चाक

तिरोड्याच्या टेशनावर तेव्हा उंच फलाट नव्हता. खडीवर उभं राहायचं, दांडा धरायचा आणि लोखंडी पायरीवरून वर चढायचं. मी चढले, आमच्या ह्यांनी मागून ट्रंक ढकलली, आणि खिडकीतून पाहते तर माय कुठं दिसेना. बाबा दिसत होते, दादा दिसत होता, गावातल्या चार बाया डोळे पुसत उभ्या होत्या, माय तेवढी नव्हती. मग बाबांचा आवाज आला, "अवं, बाहेर निंग. गाडी हाय थे, बंडी नोहे."

माय दोन डब्यांच्या मधे वाकली होती. पदर खोचलेला, एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताने गाडीच्या चाकाला हळद फासत होती. टेशनबाबू धावत आला. "माई, हटो वहाँ से, कट जाओगी." माय म्हणाली, "थांब नं बाबू, लेक जाऊन राहिली माही." तिने हळदीवर कुंकू टेकवलं, तांब्या उपडा केला, मगच ती बाहेर आली. गार्डाने तोवर शिटी तोंडात धरून ठेवली होती. गाडी हलली. मी रडले नाही, मला लाजच जास्त वाटली. डब्यातले सगळे लोक वाकून वाकून पाहत होते आणि एक बाई म्हणाली, "कोणाची हो थे म्हातारी?" मी खिडकीबाहेर तोंड केलं.

आमच्या घरची ती रीतच. लेक निघाली की बैलबंडीच्या चाकाला हळद-कुंकू लावायचं आणि वर पाणी ओतायचं. ओलं केलेलं चाक फिरून दारात येते, असं मायचं म्हणणं. एवढ्यावरच थांबलं असतं तर मीही हसून सोडलं असतं. पण माझी आत्या लग्नानंतर सासरी निघाली तेव्हा गावात महामारी होती. घाईघाईने बंडी जुंपली, चाक कोरडंच गेलं. आत्या पहिल्या बाळंतपणात तिकडेच गेली. मायने ते कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर आमच्या दारातून पाहुण्याची बंडीसुद्धा कोरड्या चाकाने गेली नाही.

बाबा यावर चिडवायचे. आमचे जुने लोक माळव्यातून आलेले. बाबा म्हणत, "त्यायच्याही बंड्यायवर कोणी पाणी ओतलं असन. कोणी परत गेलं का माळव्याले? नाई. मेले का? नाई. इथं धान पिकवून राहिले." माय चुलीकडूनच म्हणायची, "म्हणून तं पिढ्या झाल्या तरी जेवाले बसले का माळवाच काढता."

आमच्या ह्यांना खरगपूरला रेल्वेच्या कारखान्यात काम लागलं होतं. तांब्याच्या त्या पाण्यावर माझं मन निम्मं टेकलं होतं, हे मला बिलासपूर येईस्तोवर कळलं नाही. तिथे गाडी पुष्कळ वेळ थांबली. आमचे हे पाणी भरायला उतरले आणि हसत परत आले. "तुझ्या मायनं पुजलेला डबा तं कटनीले चालला." मला वाटलं थट्टा करून राहिले. उतरून पाहिलं. आमच्या शेजारचा डबा सोडवून दुसऱ्या रुळावर नेला होता. त्याच्या चाकाच्या पोटावर हळदीचा ओघळ अजून होता, मधे कुंकवाचा डाग. मायने घाईत शेजारच्या डब्याचं चाक ओलं केलं होतं. आमच्या डब्याची चाकं कोरडी ठाक. तो डबा माझ्यादेखत निघून गेला. मग मात्र मी रडले, आणि खरगपूर येईपर्यंत रडले. हे बिचारे घाबरले. त्यांना आत्याचं ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. अशी गोष्ट तोंडातून काढली की खरी होते, असं मला वाटे.

खरगपुरात एका ओळीत बांधलेल्या क्वार्टरांपैकी एक आम्हाला मिळालं. डाव्या हाताला तेलुगू घर, उजव्या हाताला बंगाली. मी धानाच्या मुलुखातली, मला वाटलं भाताचं तरी काही अडणार नाही. पण तिथला उसना, म्हणजे उकडा तांदूळ शिजला की आख्ख्या घराला वास. पहिले काही दिवस मी नाक दाबून जेवले. तेलुगू अम्मा चिंचेचं सार आणून द्यायची, मी तिला लाखोरीच्या डाळीचे वडे द्यायचे. बोलणं काय, ती तिच्या भाषेत, मी माझ्या. दोघींची मोडकी हिंदी मधे. तरी तिच्या सासूच्या तक्रारी मला समजल्या आणि माझ्या तिला.

सकाळी भोंगा वाजला की सगळ्या ओळीतले पुरुष डबे घेऊन निघायचे, संध्याकाळी भोंगा वाजला की परत. पुन्हा सकाळ, पुन्हा भोंगा. मला घेरी यायची त्या फिरण्याची. मग बाबांचं बोलणं आठवायचं. खळ्यात धान चुरताना बैल मेढीच्या खांबाभोवती फिरत, आणि मी लहानपणी विचारलं होतं की हे दिवसभर चालतात आणि जातात कुठं. बाबा म्हणाले होते, "कुठंच नाई जात. पण धान तं निघते नं." ह्यांचं कामही चाकाचंच निघालं. लाल तापवलेली लोखंडी कडी चाकावर चढवायची, थंड झाली की ती आवळून बसते. हे सांगायचे, "आपला गावचा लोहार बंडीले धाव बसवते, तेच हे. नुसतं दांडगं." हे मला फार बरं वाटलं. इतक्या दूर येऊन माणूस गावच्याच कामाला लागला होता.

पण मनातला काटा गेला नाही. पहिल्या खेपेला दादा मला बाळंतपणासाठी न्यायला आला, आणि मी तापाने फणफणलेली. डॉक्टर म्हणाला, हलवू नका. दादा एकटाच परत गेला. जमुना क्वार्टरातच झाली, अम्माच्या हातावर. ती रडली तेव्हा मला आधी आत्या आठवली आणि मग कळलं की मी जिवंत आहे. दुसऱ्या वेळी ह्यांचा रेल्वेचा फुकट पास आला, बांधाबांध झाली, आणि पुराने रूळ वाहून गेले. तिसऱ्या वेळी ट्रंक भरून दाराशी ठेवली होती, तर तार आली की बाबा गेले. गाडी धरून पोचले असते तरी माती होऊन गेलेली. मी ट्रंक उघडली आणि एकेक कपडा परत खुंटीवर टांगला.

त्यानंतर मी ठरवलं की आता जायचं नाव काढायचं नाही. मी जायला निघते आणि तिकडे काही होते. आता आई-बापातली माय तेवढी उरली होती. तिला पाहायला जीव तुटायचा, आणि मी निघाले तर तिलाच काही होईल या भीतीने पाय उचलत नव्हता. माय तर गाडीत बसायची नाहीच. "लोखंडाच्या पोटात कोण बसन," म्हणायची. शेजारणी सणाला माहेरी जाऊन यायच्या, लोणची आणायच्या. मला विचारायच्या, "तुमी जाबे ना?" मी म्हणायचे, ह्यांना रजा नाही. हे ऐकायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

एकदा मात्र ते बोललेच. जमुनाचे तेव्हा दुधाचे दात पडायला लागले होते. तिने जेवताना विचारलं, "आजी कशी दिसते?" मी सांगायला गेले आणि मला मायचा चेहराच नीट आठवेना. नाकातली फुली आठवली, हात आठवले, चेहरा नाही. मी ताटावरून उठले. तेव्हा मी ह्यांना सगळं सांगितलं, आत्या, चाक, कटनी, सगळं. मला वाटलं हसतील. हे हसले नाहीत. हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "चाक कटनीले गेलं. तू तं नाई गेली नं?"

दुसऱ्या आठवड्यात पास आला आणि आम्ही निघालो.

त्या प्रवासात मी काही खाल्लं नाही. बिलासपूर आलं तशी उतरून डब्याजवळच उभी राहिले, कोणी सोडवायला येते का पाहत. जमुनाला वाटलं हा काही खेळ आहे, ती डबे मोजत बसली. गोंदिया गेलं, गंगाझरी गेलं, आणि तिरोड्याचा सिग्नल दिसला तेव्हा मी जमुनाला मांडीवर ओढून घेतलं. दादाला कळवलं होतं, पण टेशनावर तो एकटाच उभा असेल आणि मान खाली घालेल, असंच चित्र माझ्यापुढे होतं.

दादा एकटा नव्हता. त्याच्या बाजूला माय होती. अर्धी झाली होती वाळून, पण उभी होती, आणि तिच्या हातात तोच तांब्या होता. गाडी थांबल्या थांबल्या एका माणसाने खिडकीतून लोटा पुढे केला. "माई, पानी." मायने त्याच्याकडे पाहिलंही नाही. वाकली, समोर आलेल्या चाकावर पाणी ओतलं, आणि मग कंबर धरून सरळ होत मला शोधायला लागली.

मी तिच्या गळ्यात पडले आणि इतक्या वर्षांचं एका दमात बोलून टाकलं. "माय, तू ओलं केलेलं चाक माह्यं नोहतं वं. थे कटनीले गेलं. म्हणून मी आलीच नाई."

माय मला थोपटत राहिली. मग म्हणाली, "मले का मालूम कोणता डबा कुठं जाते? गाडी गेल्यावर टेशनबाबू बोलला, डबे कापतात, जोडतात. म्हटलं, बापा, आता का करावं. मंग बाजाराच्या दिवशी आली का येत राहिली इथं. तिकडची गाडी उभी राहिली का एका चाकावर ओतायचं. कोणतं तरी तुह्याकडं गेलंच असन."

दादा मागून म्हणाला, "साऱ्या टेशनाले मालूम हाय. लोकाईले वाटते बुढी पाणी पाजाले येते. लोटे काढतात बिचारे, आन् हे चाकायले पाजते."

मी रडता रडता हसले. हे तर पोट धरून हसत होते. मी म्हटलं, "आन् माय, कटनीचं चाक? थे तं फुकट गेलं."

"फुकट कायले?" माय म्हणाली. "त्या डब्यात बी कोणाची लेक बसली असन. तिच्या मायनं नसन ओतलं."

इतकी वर्षं मी त्या चाकाचा राग केला होता. छातीवर ठेवलेली जात्याची तळी कोणी उचलून नेली, असं मला त्या वेळी वाटलं. बंडीत बसून गावी जाताना चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावरचे धान दिसत होते, जमुना आजीच्या मांडीवर झोपली होती, आणि मला भूक लागली. भूक लागली हेच मला नवल वाटलं. घरी जाऊन मी तीन वेळा भात मागून घेतला, साधा, बिनवासाचा.

त्यानंतर येणं-जाणं सुरू झालं ते थांबलं नाही. ताप यायचे, पूर यायचे, लढाईच्या दिवसांत शिपायांनी भरलेल्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसायची, पण त्यात कटनीचा काही हात नाही हे मला कळलं होतं. माय गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तिच्या तोंडात पाणी मीच घातलं, त्याच तांब्यातलं. ते दुःखच होतं, पण त्यात भीती नव्हती. तांब्या मी मागून घेतला. वयनीने, दादाच्या बायकोने, तो घासून-पुसून माझ्या हातात दिला.

आता पुढचं ऐका. जमुनाला स्थळ आलं ते कुडव्याचं, गोंदियाला लागून. घरी धानाची शेती, किराण्याचं दुकान. मी ज्या मुलुखातून रडत आले, त्याच मुलुखात माझी लेक हसत निघाली. जन्मली खरगपुरात, बंगाली अशी बोलते की शेजारीण चकित व्हावी, आणि सासर झाडीपट्टीतलं. मी ह्यांना म्हटलं, "पाहा, फिरलं की नाही चाक?" हे म्हणाले, "फिरणारच. चाक हाय थे."

खरगपूरचा फलाट उंच. चाकं खाली, हात पोचायचा नाही. मी काठाशी गुडघे टेकून बसले तेव्हा जमुना खिडकीतून म्हणाली, "आई, लोक बघतात." मला तिरोडा आठवला आणि हसू आलं. मी हळद-कुंकू पाण्यातच कालवून आणलं होतं. एक हमाल आला, "कौन सा डिब्बा, माईजी?" मी म्हटलं, "सगळेच." तांब्यात पाणी ते किती, तीन डब्यांपर्यंत पुरलं. निरोपाला आलेली अम्मा आपली पाण्याची बाटली घेऊन पुढच्या डब्यांची चाकं ओली करत गेली.

मला दोन्हीकडचे विचारतात. गावचे म्हणतात, पेन्शन झाली की येशील नं घरी? क्वार्टरवाले म्हणतात, घर सोडून जाऊ नका. दोघंही घरच म्हणतात, आणि मी दोघांनाही हो म्हणते. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही आम्हाला गेलेले समजू नका. आणि माझ्यासारखं निघालेल्यांनो, मागे कोणी तांब्या घेऊन उभं आहे का, तेवढं पाहा. नसेल तर तुम्ही कोणासाठी उभे राहा. त्यातच घर आलं.

यंदा स्वातंत्र्य आलं, सगळीकडे नवे झेंडे लागले, आणि त्याच महिन्यात जमुना पहिल्या बाळंतपणाला आली. मी फलाटावर सकाळपासून होते. गाडी लागली, तिचं तोंड दिसलं, भरलेलं, घामेजलेलं, हसरं. उतरता उतरताच म्हणाली, "आई, बिलासपूरला आमचा डबा बिघडला. दुसऱ्या डब्यात बसवलं आम्हाला."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"बरं झालं," म्हटलं. "चल, भात निवून राहिला."