डकोटाचे थांबलेले पंखे

लग्नातल्या फोटोग्राफरची परीक्षा अक्षतांना होते. तांदळाचा दाणा नवरीच्या डोक्यावर पडायच्या आत हवेतच धरायचा. शटर दोन हजारावर, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवून दाणा न् दाणा वेगळा दाखवणारा अख्ख्या तिसगावात मी एकटाच, असा माझा समज होता. त्याचा तोरा शेजारच्या आबांनी उतरवला.

आबा हवाई दलात मेकॅनिक होते. डकोटा विमानाच्या इंजिनांत हात काळे करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ओट्यावर बसले की पहिला धडा ठरलेला. "इंजिनाचा पंखा फिरायला लागला की दिसत न्हाई. म्हनून तिथं हात न्यायचा न्हाई."

आता काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती. भिंग लावून जवळचं तेवढं दिसे, तेही किती दिवस, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. अशात नगरजवळ लष्कराच्या कार्यक्रमात दुरुस्त केलेलं जुनं डकोटा उडणार असं कळलं, आणि आबा माझ्या मागेच लागले.

"माझ्याकडं समदे फोटू उभ्या इमानाचे हायेत. दिसतंय तवर एक उडता फोटू दे मला."

"एक काय आबा, शंभर देतो!" माझ्या जिभेला हाड नव्हतंच कधी.

मैदानावर ऊन मी म्हणत होतं. मला काही दिसायच्या आधीच आबांनी आवाज ऐकून मान वर केली. "दोनीबी इंजिनं नीट हायेत," ते म्हणाले. मग जाडजूड, चंदेरी डकोटा घरघरत डोक्यावरून गेलं आणि मी धडाधड फोटो काढले. त्यातला एक कॅमेऱ्यावर मोठा करून ऐटीत त्यांच्यापुढे धरला. पत्र्यावरचा रिव्हेट न् रिव्हेट दिसत होता. आबांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पंखं थांबलेत की रं. इंजिनं बंद पडली ह्याची. हे आता पडनार."

अक्षता धरायच्या सवयीने शटर दोन हजारावरच ठेवून मी उडत्या विमानाचे फिरते पंखेही फोटोत थांबवून ठेवले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भोंग्यावरून सांगितलं, अजून एकच फेरी. मी शटर शंभरापर्यंत खाली आणलं. एवढ्या कमी शटरला फोटो हलतो, हे मी शिकाऊ पोरांना दहा वेळा बजावलेलं.

"हलू दे," आबा म्हणाले. "तू त्याच्यासंगं फिर."

डकोटा परत आलं. मी श्वास रोखून, कमरेतून त्याच्याबरोबर फिरलो. घरी येऊन पाहिलं तर सगळे फोटो हललेले. त्यातल्या त्यात एक बरा होता, पण त्यातही शेपूट पुसट. लग्नाच्या अल्बममध्ये मी तो घेतला नसता. पंख्यांच्या जागी मात्र दोन धुरकट, गोल चकत्या होत्या.

त्याचीच मोठी प्रिंट काढून, मान खाली घालून आबांच्या हातात दिली. त्यांनी भिंगातून डावं इंजिन पाहिलं, मग उजवं. किती तरी वेळ पाहिलं.

"चालू हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी फोटोवर बोट टेकवलं आणि शेपटीपासून हळूहळू पुढे नेलं. पंख पार करून ते इंजिनापुढच्या धुरकट चकतीपाशी आलं, आणि आबांनी हात झटकन मागे घेतला.