बाळासोंचा वरचा खडा

शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेत ज्यांनी कधी खरेदी केली, त्यांना बाळासोंचा वरचा खडा ठाऊक आहे. काटा बरोबर आला, माप झालं, तरी बाळासोंचा हात परत ढेपेकडे जायचा आणि एक खडा वर पडायचा. "असू दे की, घरात पोरंबाळं हायत." मापाला माप देणं त्यांना चिक्कूपणाचंच वाटायचं. आता दुकान मुलगा बघतो, पण बाळासोंचा हात काही आखडला नाही.

त्यांच्या पत्नी नंदिनीबाई हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. मुलांना दाखवायला म्हणून त्यांनी छोटी विमानं उडवायला घेतली, आणि निवृत्त झाल्यावर तो नाद सुटायच्या ऐवजी पक्काच झाला. दर रविवारी सकाळी दोघं शहराबाहेरच्या माळावर जायची. विमानाच्या नाकावर लिंबाएवढं इंजिन, पुढचा पंखा हातानं फिरवून सुरू करायचं. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रो आणि एरंडेल असं मिश्रण लागतं. बाळासोंकडे कामं दोनच. एक म्हणजे शेपटी घट्ट धरायची, आणि दुसरं, इंजिन सुरू करताना प्लगला लावायची बॅटरीची कांडी घरून चार्ज करून आणायची. सगळा जन्म हे दुकानाच्या गल्ल्यावर आणि त्या शाळेत फळ्यापुढं. दोघांचा असा रविवार आत्ता कुठं हाताला लागला होता. एरंडेलाचा धूर तोंडावर घेत शेपटी धरून बसण्यात बाळासोंना स्वर्गसुख होतं.

दिवाळीनंतर मात्र प्लग जळायला लागले. या ग्लो प्लगच्या बुडाशी केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. कांडी लावली की ते लाल होतं, इंजिनानं धरलं की कांडी काढायची, मग ते आपल्याच आचेवर लाल राहतं. इथं कांडी लावायचा अवकाश, प्लग गेलाच. इंजिन ढिम्म. नंदिनीबाईंनी इंधन बदललं, सुई सैल करून इंधन वाढवलं, प्लगखाली जादा वॉशर घातला. पुण्याहून मागवलेले प्लग एकामागून एक स्वाहा झाले.

राजारामपुरीतले दातांचे डॉक्टर उन्मेष त्याच माळावर बॅटरीची विमानं उडवायचे. ते म्हणाले, "मॅडम, दुखरा दात किती दिवस सांभाळायचा? हे इंजिन मला द्या. दवाखान्याच्या शोकेसमध्ये शोभून दिसेल."

नंदिनीबाई वैतागलेल्याच होत्या. "पुढच्या रविवारी शेवटचा प्लग लावते. नाही चाललं तर खुशाल घेऊन जा. माझंही मनगट दुखतंय. मग हा माळही बंद."

इंजिन काचेच्या कपाटात गेल्यावर बाळासोंनी शेपटी कुणाची धरायची? आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

रविवारी नंदिनीबाईंनी शेवटचा प्लग हातात घेतला, पण लावला नाही. मेलेले प्लग रुमालावर मांडून भिंगातून बघत बसल्या.

"इंजिनाच्या तापानं हे प्लग गेले असते तर तार वेडीवाकडी झाली असती," त्या म्हणाल्या. "ही वितळून गोळी झालीय. इंजिन सुरू व्हायच्या आधीच मेलेत हे. अहो, ती कांडी बघू."

बाळासोंनी कांडी दिली आणि त्यांचा चेहरा खुलला. बरेच दिवस पोटात ठेवलेली गोष्ट सांगायची वेळ आली होती.

"आत नवा सेल घातलाय. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडनं. जुना मरगळला हुता."

"किती व्होल्टचा?"

"जुना दीडाचा बी नव्हता. ह्यो साडेतीनच्या वर हाय!"

नंदिनीबाईंनी भिंग खाली ठेवलं.

"अहो, हा काय गूळ आहे का? माप झाल्यावर वर खडा टाकायला?"

माळावर सगळ्यांना ऐकू गेलं. बाळासोंचं तोंड एवढंसं झालं. ज्या रविवारांवर जीव, ते आपल्याच हातानं जाळत होतो, हे त्यांना कळलं आणि फार वाईट वाटलं.

"तुझं मनगट दुखतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "सारखा पंखा फिरवत बसतीस. म्हटलं, जोरात करंट बसला की पयल्या फेऱ्यात धरंल."

बाईंचा राग तिथंच विरला. गाडीतली जुनी टॉर्च आणायला सांगून त्यांनी वायरचे दोन तुकडे काढले आणि शेवटचा प्लग इंजिनात बसवला.

बाळासो टॉर्च उघडून आले. सवयीनं त्यांनी दोन्ही सेल पुढं केले. बाईंनी नुसती भुवई उचलली. बाळासोंनी हातातला एक सेल बघितला, दुसरा बघितला, आणि एक मुकाट्यानं खिशात टाकला.

दीड व्होल्टच्या एका सेलवर प्लग लाल झाला. पंखा दोनचारदा फिरवल्यावर इंजिन खाकरलं, आणि मग असं काही गरजलं की बाळासोंनी शेपटी दोन्ही हातांनी आवळली. बाईंनी वायरी काढल्या तरी आवाज पडला नाही. धूर तोंडावर आला. बाळासो भरल्या डोळ्यांनी हसत होते, आणि एरंडेलाचा धूर झोंबतो असं म्हणायची सोय होती.

विमान मनसोक्त फिरून उतरलं. उन्मेष डॉक्टर हसत जवळ आले. "म्हणजे माझं शोकेस रिकामंच?"

"व्हय पावणं, रिकामंच ऱ्हायचं," म्हणत बाळासोंनी डबा उघडला आणि डॉक्टरांच्या हातावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवला. मग त्यांचा हात आपसूक परत डब्याकडे गेला आणि मधेच थबकला. त्यांनी बायकोकडं बघितलं.

"टाका," नंदिनीबाई म्हणाल्या. "तिथं टाका."