दोन नावांची सुमन

मांजरसुंब्याच्या फाट्यावर गेवराईच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा पुण्याहून सुधाकररावांचा फोन आला. "ताई, वैशाली गेली..." आणि मी, तिची सख्खी थोरली बहीण, म्हणाले, "कोण वैशाली?" पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. आमच्यासाठी ती सुमन होती. वैशाली हे तिचं सासरचं नाव, नवऱ्यानं, सुधाकररावांनी ठेवलेलं.

लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. पीएचडी झालेली पोरगी, सुमन या नावानं तिचे लेख परदेशात छापून आलेले, आणि तुम्ही तिचं नाव असं हसत खेळत पुसून टाकता? पण सुमनच मला गप्प करायची. "जाऊ दे ताई, लई ताणू नको."

आणि गंमत बघा, तिचं संशोधनही नेमकं याच गोष्टीवर. आरोग्याच्या नोंदी संगणकावर कशा जपायच्या, हा तिचा विषय. आमच्याकडच्या बाया ऊसतोडीला जातात. पहिलं बाळंतपण माहेरच्या नावानं इकडं, दुसरं सासरच्या नावानं कारखान्याकडच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरला कसं कळणार, की हिचं आधी सिझर झालंय, रक्त चढवावं लागलं होतं? या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे संगणकाला ओळखता यावं, यासाठी सुमननं सगळं आयुष्य घातलं. त्यासाठी ती उसाच्या फडात, तोडणीवाल्यांच्या कोप्यांमधून, त्या पाचटाच्या झोपड्यांत बसायची. आधी चहा, मग प्रश्न : "माहेरचं नाव काय गं बाई?" बाया लाजायच्या. एक जण तर नाव सांगता सांगता डोळ्याला पदर लावून बसली, असं तिनंच मला सांगितलं होतं.

आणि तिचं स्वतःचं? दुसऱ्या कुणी आपल्या लेखाचा आधार घेतला की त्याला सायटेशन म्हणतात, एवढं मला तिच्यामुळं कळलं. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत हेच मोजतात. सगळ्यात जास्त आधार घेतला गेलेला तिचा लेख सुमनच्या नावावर, आणि मुलाखतीला बसलेली वैशाली. जुने लेख संगणकावरच्या तिच्या खात्यात दिसतच नव्हते. पद हातचं गेलं.

मी फोनवर खवळले. "अगं, मग दोन्ही नावं जोडून टाक की! कशापायी बसलीस अशी हातावर हात धरून?"

"बटण दाबलं की जुळतंय, ताई. पण फडातल्या बाईनं कुठलं बटण दाबायचं? माझी पद्धत खरी असंल तर त्या पद्धतीनंच मला हुडकून काढाया पाहिजे." मग हसली. "लोकाच्या बाया जुळवते, अन् माझी मीच जुळंना."

हट्टी, लई हट्टी. त्या हट्टापायी मी तिच्याशी कितीदा भांडले असेन. मग आजारपण आलं, आणि भांडायलाही जीव उरला नाही तिच्यात. शेवटच्या भेटीत माझा हात धरून हळूच म्हणाली, "ताई, मी अर्धीच राहणार का गं?" मी केस सारखे केले तिचे.

ती गेल्यावर महिन्याभरानं तिच्या विभागात शोकसभा होती. सुधाकरराव आणि मी गेलो. पडद्यावर तिचे लेख दाखवले, सगळे वैशालीचे. सभेनंतर तिची विद्यार्थिनी केतकी आम्हाला आत घेऊन गेली. तिनं मॅडमचीच पद्धत संशोधकांच्या यादीवर लावून बघितली होती. संगणकानं आपण होऊन दोन नावं शेजारी शेजारी आणून ठेवली होती.

"पण मॅडमचा एक नियम होता," केतकी म्हणाली. "मशीन फक्त सुचवणार. खात्री माहेरच्या माणसानंच द्यायची." आणि तिनं मला विचारलं, "ताई, या दोघी एकच का?"

"एकच हाय," मी म्हणाले. "माझी बहीण हाय ती." आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं. परक्यांच्या खोलीत मी ओक्साबोक्शी रडले.

मग केतकीनं विचारलं, जोडलेल्या खात्यावर कुठलं नाव ठेवायचं? माझ्या ओठावर आलं होतं, पण तो मान सुधाकररावांचा. मी त्यांच्याकडं बघितलं.

"सुमन," ते म्हणाले. संसार झाला सगळा, पण त्यांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता तिच्या लेखाचा कुठं आधार घेतला गेला की केतकी मला मोबाईलवर कळवते. परवा कुठल्याशा दूरदेशीच्या बाईनं घेतला. वाचलं, आणि सवयीनं सुमनला फोन लावला.