बोटभर आखूड बाही

कोटमास्तरला मोठ्या शहरात कोट चोरताना पकडलं, ही बातमी मास्तर परत यायच्या आधीच आमच्या गल्लीत पोचली होती. बेकरीवाल्याच्या त्याच शहरात राहणाऱ्या मेहुणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे: वस्तुसंग्रहालयाच्या दाराशी दोन पहारेकरी, मध्ये मास्तर, आणि मास्तरच्या हातात एका बाईचा कोट. बेकरीतून बातमी न्हाव्याच्या दुकानात गेली तेव्हा कोट दोन झाले होते. माझ्यापर्यंत आली तेव्हा तीन, त्यातला एक फरचा. मी चौथा लावला नाही, एवढाच माझा सज्जनपणा.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी. वय पन्नास, उंची इतकी की स्वतःच्या दुकानात शिरतानाही वाकावं लागतं. फक्त कोट शिवतो. सुया कॉलरच्या आत टोचलेल्या, छोटी कात्री चष्म्याच्या घरात, आणि चष्मा कुठे आहे ते अख्ख्या गल्लीने शोधायचं. गिऱ्हाईक दारात आलं की आधी खांदे बघतो, मग तोंड. माझं नाव त्याला अजून आठवत नाही, पण माझा उजवा खांदा पडका आहे हे चारचौघांत बिनदिक्कत सांगतो.

त्याची मोठी बहीण पस्तीस वर्षं टपाल कचेरीत खिडकीमागे बसून नुकतीच निवृत्त झाली. एवढ्या उंच माणसाला ती बारक्या म्हणते. निवृत्त झाल्या झाल्या तिने जाहीर केलं, की थंडीत आठ दिवस मोठं शहर बघायचं आणि बारक्याने सोबत यायचं. दुकान बंद ठेवायला मास्तर तयार झाला, पण कुरकुरत म्हणाला, "ताई, तो कोट तेवढा घालू नकोस. नवा शिवून देतो."

तो कोट म्हणजे मास्तरने सोळाव्या वर्षी शिवलेला पहिला कोट. गडद हिरवा, आणि डावी बाही बोटभर आखूड. चौतीस वर्षं ताई दर हिवाळ्यात तोच घालते. कुणी बघितलं की हात पुढे करून सांगते, "आमच्या मास्तरांनी शिवलाय हं." मास्तर बरोबर असला तर अशा वेळी त्याला रस्त्यापलीकडे काहीतरी काम आठवतं.

"नवा नको," ताई म्हणाली.

"मग बाही तरी लांब करून देतो. दुमडीत माया आहे अजून, जादा कापड. तासाभराचं काम."

"हात लावायचा नाही."

"बरं, नाही लावत."

पहिल्या तीन दिवसांत त्यांनी नदीवरचा पूल, घड्याळाचा मनोरा आणि घोड्यावर बसलेला एक दगडी राजा पाहिला, असं ताई सांगते. मास्तरने राजाकडे पाच मिनिटं टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "बगलेत आवळलाय बिचारा." ताई नकाशा उलटा धरून पुढे, हा तोंडातून वाफा सोडत मागे, आणि नजर तिच्या डाव्या मनगटावर. तिथले लोक कसे, कोट अंगावर ओतल्यासारखे. त्यांच्यात आपली बहीण आपलीच चूक मिरवत फिरते, याने त्याचा जीव कासावीस झाला. तिसऱ्या दिवशी ट्राममध्ये एक बाई त्या बाहीकडे बघून ओठात हसली. तिथेच मास्तरचा निश्चय झाला.

चौथ्या दिवशी वस्तुसंग्रहालय. आत कोट नेता येत नाहीत. दाराशी खिडकीवर द्यायचे आणि पितळी बिल्ला घ्यायचा. दोन्ही बिल्ले मास्तरने खिशात टाकले. "तू हो पुढे. माझे पाय दुखतायत, मी बसतो इथे." ताईला तेच हवं होतं. चित्रं बघताना शेजारी उभं राहून कुणी अस्तरावर बोललेलं तिला नकोच होतं.

ती जिन्यावर दिसेनाशी झाली, तसा याने बिल्ला देऊन हिरवा कोट सोडवला, कोपऱ्यातल्या बाकावर मांडीवर घेतला आणि बाही उसवायला लागला. खिडकीवरच्या बाईला दिसलं ते एवढंच, की एक धिप्पाड पुरुष बायकी कोट कापतोय. तिने पहारेकऱ्यांना हाक मारली.

"कोट कुणाचा, काका?"

"बहिणीचा."

"मग कापताय कशाला?"

"लांब करतोय."

"त्यांना माहीत आहे?"

दुसऱ्या कुणी खुशाल हो म्हटलं असतं. मास्तरला तेवढंही जमेना.

ताईला वरून बोलावून आणलं. तिने लोंबणारा दोरा पाहिला आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"मावशी, कोट तुमचा?"

"माझाच."

"आणि हे तुमचे भाऊ?"

ताईने मास्तरला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. पस्तीस वर्षं लोकांची ओळखपत्रं तपासलेली बाई ती. म्हणाली, "नक्की सांगता येत नाही. माझा भाऊ शब्द पाळतो."

नेमकी त्याच घटकेला बेकरीवाल्याची मेहुणी दारातून आत आली, आणि एवढं ऐकून आल्या पावली परत गेली. थांबली असती तर बातमी फुकट गेली असती.

"लोक हसतात गं," मास्तर खाली मान घालून म्हणाला. "चूक आहे ती माझी."

"चूक तुझी असेल. कोट माझा आहे." ताई त्याच्या शेजारी टेकली. पहारेकऱ्यांना म्हणाली, "भाऊच आहे हो. असाच आहे." मग त्याच्याकडे वळून हळू आवाजात, "हा शिवताना मला सात वेळा उभं केलं होतंस. आणि बाही आखूड निघाली तेव्हा कपाटामागे जाऊन रडलास. मी घालून दाखवला तेव्हा बाहेर आलास. आठवतं?"

मास्तरने नाक ओढलं.

"होती तशी कर."

"होती तश्शी?"

"बोटभर. कमी नाही, जास्त नाही."

मुद्दाम चूक शिवायची मास्तरची ही पहिलीच खेप. ती मापात बसेना, म्हणून दोनदा उसवली. तेवढ्यात एका पहारेकऱ्याने आपल्या कोटाचं लोंबणारं बटण हळूच पुढे केलं, तेही लावून झालं. शेवटचा टाका पडला तेव्हा संग्रहालय बंद होत होतं, आणि वरच्या मजल्यावरची चित्रं ताईची बघायची राहिली ती राहिलीच.

तर चोरी झाली नाही. कोट एकच होता आणि तो मास्तरच्या बहिणीचा होता. त्याने तो तिला न विचारता उसवला आणि तिने सांगितल्यावर पुन्हा शिवला. डावी बाही अजून बोटभर आखूड आहे.